शाईचं बोट

माझं पहिलं मत २१ ऑक्टोबर २०१९ चं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. आदल्या रात्रीच्या लोकलने कर्जतला घरी आलो, सकाळी रांगेत उभा राहिलो आणि शाईच्या बोटाचा फोटो व्हॉट्सअपवर टाकूनच नाश्ता केला. जाम अभिमान वाटला होता. तो पुढच्या पाच वर्षांत कसा उतरला, त्याची ही हकीकत.

आमच्या कर्जत मतदारसंघात कर्जत तालुका आणि खालापूर तालुक्याचा काही भाग येतो. २०१४ ला इथे राष्ट्रवादीचे सुरेश लाड शेकापच्या महेंद्र थोरवेंना दोन हजारांहून कमी मतांनी हरवून आले. २०१९ ला तेच थोरवे शिवसेनेकडून उभे राहिले आणि लाड सुमारे १८ हजारांनी पडले. ठीक आहे, माणसं पक्ष बदलतात. खरी गंमत पुढेच आहे. प्रचारात एकमेकांवर तुटून पडलेले दोन्ही पक्ष २८ नोव्हेंबरला एकाच सरकारात! रायगडचं पालकमंत्रीपद राष्ट्रवादीच्या अदिती तटकरेंकडे गेलं, त्यावर जिल्ह्यातले सेनेचे तिन्ही आमदार नाराज झाले आणि जून २०२२ मध्ये तिघेही शिंदेंसोबत गुवाहाटीला. वर्षभराने, २ जुलै २०२३ ला, अजित पवारांबरोबर शिंदे सरकारात कोणी शपथ घेतली? अदिती तटकरेंनी. म्हणजे जिच्यामुळे घर सोडलं, तीच तक्रार नव्या घरातही हजर. दरम्यान लाड भाजपमध्ये गेले. २०२४ ला अजितदादांच्या राष्ट्रवादीतून बाहेर पडून सुधाकर घारे अपक्ष लढले आणि थोरवेंकडून साडेपाच हजारांच्या आसपास मतांनी हरले. मी या सगळ्याचा फ्लोचार्ट काढायला घेतला होता, तो इन्फिनिट लूपमध्ये गेला. :)

"यापुढे मतदानाच्या दिवशी सरळ लोणावळा," असं मी घरी जाहीर केलं. बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, "झेडपीला कधी मत दिलंयस?"

नव्हतं दिलं. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत माझं नाव यादीत नव्हतं. पुढची २०२२ ला व्हायला हवी होती. मार्चमध्ये मुदत संपली, प्रशासक आले, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलं आणि निवडणूक राहिली ती राहिलीच. गावातली शाळा, आरोग्य केंद्र, वाडीचा रस्ता, नळपाणी योजना, सगळं झेडपीकडे. आमदार कुठल्या हॉटेलात आहेत ते मी तासातासाला टीव्हीवर बघत होतो, आणि हे मला कळलंही नाही. राग आला तो इथे, आणि बराचसा स्वतःचाच.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची वस्ती, वर जायला फक्त पायवाट. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं. त्या रात्री या वाडीला निवडून आलेला झेडपी सदस्य नव्हता, पंचायत समिती सदस्यही नव्हता. असता तर डोंगर थांबला असता असं मी म्हणत नाही. पण 'आमची वाडी यादीत का नाही' हे विचारायला जायचं कुणाच्या दारात?

बाबांना अशा वेळी भाई कोतवाल आठवतात. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला गोळी लागून हुतात्मा झालेले कोतवाल आम्हाला शाळेत शिकवले होते. पण त्याआधी ते माथेरान नगरपालिकेत निवडून आले होते, उपाध्यक्ष होते, शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या चालवायचे, हे बाबांकडून कळलं. तो भाग परीक्षेला नव्हता.

असो. मे २०२५ मध्ये कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि आमच्या झेडपीचं मतदान झालं फेब्रुवारी २०२६ मध्ये. लोणावळा रद्द करून मी गेलो. दोन मतं द्यायची होती, एक झेडपीला, एक पंचायत समितीला. बटणासमोर उभा राहिलो आणि लक्षात आलं, पंचायत समितीच्या एकाही उमेदवाराला मी ओळखत नव्हतो.