‘रायव्हल’ म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणारा! शहापूर-मुरबाडच्या पाण्या-जमिनीशी जोडलेले लॅटिन शब्द

भारत-पाकिस्तान मॅच आली की ‘आर्च रायव्हल’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. रायव्हल म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण या शब्दाचं मूळ मैदानात नाही, पाटाच्या पाण्यात आहे.

लॅटिनमध्ये ‘रिव्हस’ म्हणजे ओढा किंवा पाट. एकाच पाटावरून पाणी घेणारे शेजारी ते ‘रिव्हालिस’. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचा मोठा संग्रह करवून घेतला. त्यात हा शब्द नेमका याच अर्थाने येतो, तोही पाणी वापरण्यावरून झालेल्या वादाच्या संदर्भात. पुढे पाणी मागे पडलं आणि शब्दात फक्त भांडण उरलं. ज्यांच्या गावात आजही पाटाच्या पाण्याची पाळी लागते, त्यांना हा प्रवास समजावून सांगायची गरज नाही.

याच ‘रिव्हस’वरून ‘डिराइव्ह’ आला. ओढ्यातून पाणी वळवून घेणं हा त्याचा मूळ अर्थ. गंमत म्हणजे ‘रिव्हर’ मात्र या घरातला नाही. तो ‘रिपा’ म्हणजे नदीकाठ या शब्दावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘अराइव्ह’सुद्धा त्याच काठाचा: होडी काठाला लागली की माणूस पोहोचला.

आता ठाणे जिल्ह्यात या. तानसा धरण १८९२ सालचं, शहापूर तालुक्यातलं. भातसा धरणही याच तालुक्यात. मुंबईला सात तलावांतून पाणी जातं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. भातसा नदीतून ते पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून पंपाने उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात नेलं जातं आणि मग शहराकडे. आणि उन्हाळा लागला की शहापूरच्याच पाड्यांवर टँकर सुरू होतात. धरणाच्या कुशीत राहणारी बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते, ही दरवर्षीची बातमी आहे. रोमन अर्थाने मुंबई आणि शहापूर हे शब्दशः रायव्हल. फक्त पाळी ठरवताना दोघांचं वजन सारखं नाही.

मग काठावरच्या माणसाचा पाण्यावर हक्क काय? त्यासाठी इंग्रजीत ‘रायपेरियन’ असा एक अवघड शब्द आहे. तोही ‘रिपा’वरूनच. ज्याची जमीन नदीला लागून आहे त्याने खालच्याचं नुकसान न करता पाणी वापरावं, असं हे तत्त्व. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले ही सरकारची मालमत्ता आहे. त्यामुळे काठ तुमचा असला म्हणून धरणातलं पाणी तुमचं होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द, कारण त्यात पैसे आहेत: ‘सोलेशियम’.

लॅटिनमध्ये ‘सोलारी’ म्हणजे सांत्वन करणं. इंग्रजीतले ‘सोलेस’ आणि ‘कन्सोलेशन’ त्याचेच भाऊबंद, म्हणजे हरलेल्याला देतात ते कन्सोलेशन प्राइझही याच घरातलं. जमीन मालकाच्या मर्जीविरुद्ध घेतली जाते, त्या दुःखाबद्दल बाजारभावावर जी जादा रक्कम द्यायची ती सोलेशियम. मराठी कागदात ‘दिलासा रक्कम’ असं लिहिलेलं दिसतं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ती १५ टक्के होती, १९८४ मध्ये ३० टक्के झाली. २०१३ च्या कायद्याने ती थेट १०० टक्क्यांवर नेली.

हिशोब असा. समजा जमिनीचा बाजारभाव १० लाख ठरला. ग्रामीण भागात त्याला १ ते २ च्या दरम्यानच्या गुणकाने गुणतात. गुणक २ धरला तर २० लाख. त्यात घर, झाडं, विहीर यांची किंमत मिळवायची. समजा यातलं काहीच नाही, तर २० लाखांवर आणखी २० लाख सोलेशियम, एकूण ४० लाख. म्हणजे निम्मी रक्कम या एका लॅटिन शब्दाची आहे. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातूनही जमिनी घेतल्या गेल्या, त्यात सरळ खरेदीचा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. सरळ खरेदीत निवाडा होत नाही, खरेदीखत होतं. म्हणून सांगितलेल्या दरात गुणक किती धरलाय आणि दिलासा रक्कम धरली आहे का, हे सही करायच्या आधी विचारायचं असतं. नंतर विचारून फारसा उपयोग नसतो.

पैशांच्या आधी संमतीचा प्रश्न येतो, आणि तिथे भेटतो ‘कोरम’. याचा अर्थ फक्त ‘ज्यांच्यापैकी’ एवढाच. इंग्लंडमध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या लॅटिन हुकमात ‘ज्यांच्यापैकी अमुक एक हजर असावा’ असं वाक्य असायचं. त्यातला एकच शब्द सुटून आला आणि त्याला गणपूर्तीचा अर्थ चिकटला. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडची काही गावं येतात. २०१३ च्या कायद्यानुसार अशा गावांत भूसंपादनाआधी ग्रामसभेची संमती लागते. वनहक्काच्या कामासाठी ग्रामसभेचा कोरम तर आणखी कडक: निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. मुरबाडच्या काळू धरणाला अनेक गावांनी विरोध केला, २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचं काम थांबवलं. त्या भागात ग्रामसभेचा ठराव ही नुसती कागदी गोष्ट मानली जात नाही.

जंगलाचा विषय निघालाच आहे तर ‘युजुफ्रक्ट’ पाहून घ्या. उच्चारायला विचित्र, समजायला सोपा. ‘युसस’ म्हणजे वापर, ‘फ्रुक्टस’ म्हणजे फळ. मालकी दुसऱ्याची, पण वापर आणि उत्पन्न तुमचं. अट एवढीच की मूळ वस्तू बिघडवायची नाही. मोहाची फुलं वेचणाऱ्या ठाकर-कातकरी कुटुंबांना ही कल्पना कोणी शिकवायला नको. मात्र २००६ चा वनहक्क कायदा याच्या पुढे जातो. गौण वनोपजावर तो सरळ मालकी देतो. कसत असलेली वनजमीन ४ हेक्टरपर्यंत नावावर होते, ती विकता येत नाही, पण वारसाला मिळते. रोमन युजुफ्रक्ट माणसाबरोबर संपायचा.

राहिला तहसील कचेरीबाहेर रोज ऐकू येणारा ‘ॲफिडेव्हिट’. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ते नाम नाही, अख्खं वाक्य आहे: ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे.’ ज्याला आपल्याकडे प्रतिज्ञापत्र म्हणतात.