तीन साच्यांचं गणित : मिळकत वाढणार होती, मग संप कशासाठी?

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : '1928 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी वेतनासाठी संप केला.' गाइडनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि एवढंच विचारलं, "कोणाच्या वेतनासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. 'कामगारांचा असंतोष' असा विषय घेतला की आपण सगळेच आधी पगाराचे आकडे शोधायला लागतो. म्हणून आज त्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली होती, जपानी मालाची स्पर्धा वाढली होती. 1925 मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. मोठा संप झाला. वर्षअखेरीस सरकारने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर थांबवला आणि कपात मागे घेतली गेली. सरळ पगार कापणं महागात पडतं, हे मालकांना दिसलं. मग दुसरा रस्ता निघाला : माणसं कमी, प्रत्येकावर यंत्रं जास्त. याला 'रॅशनलायझेशन' असं भारदस्त नाव होतं. ई. डी. ससून हा मुंबईतला फार मोठा गिरणीसमूह. त्याच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे (गिरणीच्या भाषेत माग म्हणजे साचा) आणि सूतकताईत एकाऐवजी दोन बाजू बघायच्या, असं ठरलं. त्यावरून जानेवारी 1928 मध्ये या गिरण्यांत संप झाला.

मालकांचं म्हणणं साधं होतं : तीन साचे चालवणाऱ्याची महिन्याची मिळकत वाढेल, मग तक्रार कसली?

इथे एक हिशेब करून बघा. समजा एका खात्यात 600 साचे आहेत. माणशी दोन धरले तर 300 विणकर लागतात. माणशी तीन धरले तर 200. उरलेल्या 200 जणांची सरासरी मिळकत खरंच वाढेल. पण बाकीचे 100 जण? ते पगाराच्या तक्त्यात दिसणारच नाहीत, कारण ते मस्टरवरच नाहीत. तक्ता खोटा नाही, पण कामावरून गेलेला माणूस त्यात मोजला जात नाही. मुंबई सरकारचं लेबर ऑफिस 1921 मध्ये सुरू झालं, त्यामुळे या काळातले वेतनाचे आकडे आपल्याला मिळतात. ते वाचताना हे डोक्यात ठेवायला हवं.

जो उरला त्याचंही सगळं सुखाचं नव्हतं. सूत खराब असलं की धागा सारखा तुटतो, आणि साचे तीन असले की धावपळ तेवढी वाढते. कापडात खोट निघाली तर ते कापड विणकराच्याच गळ्यात मारून किंमत मजुरीतून वळती करायची पद्धत होती. एक दिवस खाडा झाला तर काही ठिकाणी दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कामावर घेणं-काढणं बऱ्याच अंशी जॉबरच्या हातात, त्यामुळे त्याला दस्तुरी द्यावी लागे. म्हणजे कामाचा बोजा, पगार आणि व्यवस्थापन ही आपल्या प्रश्नावलीतली तीन वेगळी कलमं गिरणीत एकमेकांत गुंतलेली होती.

एप्रिलमध्ये संप शहरभर पसरला. सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरपर्यंत बाहेर होते. ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे वेगळ्या विचारांचे नेते एकाच संयुक्त संप समितीत आले. समितीने मांडलेल्या मागण्या सतरा होत्या! शेवटी चौकशीसाठी फॉसेट समिती नेमली गेली आणि गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले.

पण गाइडच्या प्रश्नाचं दुसरं टोक अजून बाकी आहे. विणखात्यात मजुरी चांगली होती, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना घेतलं जात नसे. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळ होई. डॉ. आंबेडकरांनी या संपाच्या वेळी हाच प्रश्न लावून धरला. तिसऱ्या साच्याविरुद्ध लढणाऱ्यांच्या शेजारच्या खात्यात असा माणूस होता, ज्याला पहिला साचासुद्धा मिळत नव्हता. 'कामगार' असा एकच शब्द लिहून मी त्याला माझ्या वाक्यातून बाहेर काढलं होतं.

आता माझं ते वाक्य बदललंय, आणि ते एका ओळीत मावत नाही. तुम्ही तुमचा आराखडा लिहाल तेव्हा पगाराच्या प्रत्येक तक्त्याशेजारी दोन प्रश्न लिहून ठेवा : यातून कोण बाहेर गेलं? आणि यात कोणाला कधी येऊच दिलं नाही? उत्तर लगेच मिळणार नाही, पण कोणती कागदपत्रं शोधायची हे नक्की कळेल.