चेन्नपट्टणाचा पाया

मद्रास शहराची, म्हणजे आजच्या चेन्नईची, जन्मतिथी २२ ऑगस्ट १६३९ ही मानली जाते. प्राचीन नगरांना एखादा राजा किंवा निदान एखादा ऋषी तरी जनक म्हणून लाभलेला असतो. या नगराच्या वाट्याला आला तो ईस्ट इंडिया कंपनीचा अडचणीत सापडलेला एक व्यापारी, फ्रान्सिस डे. त्या दिवशी नगर जन्मास आले असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. जन्मास आला होता तो केवळ एक करारनामा.

मच्छलीपट्टणच्या वखारीत गोवळकोंड्याचे अधिकारी आणि डच प्रतिस्पर्धी या दोघांनी इंग्रजांना बेजार केले होते. आर्मागावच्या लहानशा ठाण्यात व्यापार मिळेना. तेव्हा डे दक्षिणेकडे निघाला आणि पोर्तुगीजांच्या सान थोमेपासून तीनेक मैलांवर, नदी आणि समुद्र यांच्यामधील वाळूच्या पट्टीवर त्याची नजर खिळली. आता ही जागा कशी? बंदर नाही, खाडी नाही. जहाजांनी दूर खोल पाण्यात नांगर टाकावा आणि काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून, फेसाळणाऱ्या लाटा चुकवीत, माणसे व माल किनाऱ्यास लागावा. कित्येक गासड्या भिजत, कित्येक बुडत. डेची कोणी प्रेयसी सान थोमेत होती म्हणून त्याने ही जागा पसंत केली, अशी कुजबुज त्या काळीही होती. पण डेने वरिष्ठांपुढे मांडलेला मुद्दा कापडाचा होता. येथे उत्तम सुती कापड इतर ठिकाणांपेक्षा शेकडा २० ने स्वस्त पडत होते. प्रेयसीची कथा रंजक खरी, परंतु कंपनीच्या वहीखात्यात तिला जागा नव्हती.

जमीन होती विजयनगरच्या क्षीण झालेल्या राजवंशाच्या राज्यात. दामर्ला वेंकटाद्री नायक हा तेथला बलाढ्य सरदार. त्याने इंग्रजांना वस्ती व किल्ला करण्याची परवानगी दिली. त्याचे वडील चेन्नप्पा यांच्या नावावरून वस्तीस चेन्नपट्टण म्हणू लागले. किल्ल्याचा खर्च नायक देणार अशी इंग्रजांची समजूत होती. नायकाने ती साफ नाकारली. फेब्रुवारी १६४० मध्ये डे आणि अँड्र्यू कोगन तेथे उतरले, बांधकाम सुरू झाले आणि किल्ल्यास सेंट जॉर्जचे नाव मिळाले. लंडनच्या मालकांनी मात्र या खर्चाबद्दल कौतुकाऐवजी कपाळाला आठ्याच घातल्या.

किल्ला म्हणजे नगर नव्हे. ते वसविले विणकरांनी, रंगाऱ्यांनी, होडीवाल्यांनी आणि दुभाष्यांनी. खाण्यापिण्याच्या व नेसण्याच्या वस्तूंवर ३० वर्षे जकात नाही, असे जाहीर होताच वर्षभरात विणकरांची ३०० ते ४०० कुटुंबे येऊन राहिली. डेचा दुभाषी बेरी तिम्मप्पा याचे नाव इंग्रजी इतिहासांत ओझरतेच येते. वास्तविक देशी भाषेतील बोलणी, कारागिरांची जमवाजमव, विश्वास संपादणे, ही कामे अशा माणसांवाचून झाली नसती. चेन्नकेशव पेरुमाळचे मंदिर त्यानेच उभारले, असे परंपरा सांगते. किल्ल्याच्या उत्तरेस, त्या मंदिराभोवती ही देशी वस्ती वाढली. गोऱ्यांनी तिला ‘काळे नगर’ म्हटले.

श्रोतेहो, या किल्ल्याशी आपलाही संबंध आला. १६७७ मध्ये दक्षिण-दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांची फौज या भागात आली, तेव्हा महाराजांनी किल्ल्याकडे काही औषधे आणि विषावरील उतारे मागविले. इंग्रजांनी ती किंमत न घेता नजराणा म्हणून पाठविली. पुढे महाराजांनी तोफखान्याच्या व बांधकामाच्या जाणकारांची मागणी केली. ती त्यांनी अतिशय नम्रपणे टाळली. या दोन उत्तरांत कंपनीचे सारे राजकारण आले! १६९० मध्ये राजाराम महाराज जिंजीत असताना याच इंग्रजांनी मराठ्यांकडून कडलूरजवळचा किल्ला विकत घेतला. तोफेचा गोळा जेथवर पडेल तेथवरची गावे त्यासोबत मिळणार होती. गोलंदाजाने ते काम मन लावून केले असणार.

काळ्या नगराचे पुढे काय झाले? १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले आणि तटालगतची देशी घरे पाडली. १७४९ मध्ये शहर परत मिळाल्यावर, शत्रूस आडोसा मिळू नये म्हणून, उरलेली वस्ती इंग्रजांनी उठविली. ज्यांना जकातमाफी देऊन बोलावले, त्यांचीच नातवंडे-पणतवंडे तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळे करून द्यावे म्हणून उत्तरेकडे सरकली. चेन्नकेशवाचे मंदिरही पाडले गेले. त्याच्या मोबदल्यात फुलबाजारात जागा मिळाली आणि तेथे ते पुन्हा उभे राहिले. जुन्या वस्तीच्या भूमीवर आज उच्च न्यायालयाची लाल इमारत आहे. मैदानाची हद्द दाखविण्यासाठी रोवलेल्या दगडी स्तंभांपैकी एकच उरला आहे. पॅरीज कॉर्नरच्या गर्दीत, रहदारीच्या कडेला, तो अजून उभा आहे.