सफारीच्या पोटातला पिकअप : उमरग्याच्या अंगणातली वीस वर्षांची गाडी

आजचा भाग घराच्या अंगणात रेकॉर्ड केलाय. ऑडिओमध्ये मधेच पाना पडल्याचा आवाज येतो, आईची हाक येते. लिहून देताना तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका बंद पडलेल्या गाडीपासून करू.

मे 2024. रविवारची दुपार. मी आणि पप्पा सोलापूरहून उमरग्याला निघालो होतो. गाडी म्हणजे आमची 2004 ची टाटा सफारी, दोन लिटर टर्बो डिझेल. पप्पांनी 2012 मध्ये पुण्याहून जुनी घेतलेली, त्यामुळे नंबर अजून एमएच 12 चाच. नळदुर्ग मागे टाकलं आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला. एसी बंद केला, काचा खाली केल्या, हीटर चालू केला. (हो, मे महिन्यात हीटर. इंजिनची गरमी थोडी बाहेर पडते.) काही उपयोग झाला नाही. बॉनेटखालून वाफ आली आणि पप्पांनी गाडी कडेला घेतली. ते रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले होते, मी त्यांचा हातच धरला. गरम इंजिनचं झाकण उघडलं की आतलं उकळतं पाणी दाबानं तोंडावर येतं. एवढं एकच आठवणीत ठेवलंत तरी हा भाग ऐकल्याचं सार्थक झालं.

तासाभरानं भाजीचे क्रेट घेऊन जाणारा एक पिकअप थांबला. टाटा 207. त्यानं दोर लावून आम्हाला उमरग्यापर्यंत ओढत आणलं. मला तेव्हा लाज वाटली. एवढी ऐटबाज गाडी आणि भाजीचा टेम्पो तिला ओढतोय! नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की लाजायचं काही कारण नव्हतं. तो तिचा चुलतभाऊच होता.

आता ज्या रस्त्यावरून आम्ही ओढले जात होतो, त्याच्याबद्दल. सोलापूर-हैदराबाद हायवे, जुना एनएच 9, आताचा 65. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वे खात्यानं 27 बस घेऊन सरकारी बससेवा सुरू केली होती, म्हणजे मोटार आपल्याला अगदीच नवी नव्हती. पण मोटारींचा मोठा तांडा या रस्त्यावर आला तो 13 सप्टेंबर 1948 ला. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींची फौज सोलापूरकडून शिरली, नळदुर्ग घेतलं आणि पुढे सरकली. उमरग्यात मुक्काम केलेली तुकडी 14 तारखेला राजेश्वरकडे निघाली. 17 ला निजामानं हत्यार खाली ठेवलं. हा इतिहास मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत दरवर्षी ऐकतो आपण. माझं लक्ष मात्र हल्ली त्या फौजेच्या वाहनांकडे जातं. कच्चा रस्ता, पावसाळा, काळी माती. अशा ठिकाणी चालणारी गाडी कशी असावी लागते?

त्याचं उत्तर त्याच सुमारास मुंबईत माझगावला जोडलं जायला लागलं. 1945 मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीनं 1947 मध्ये अमेरिकन विलीज जीप भारतात आणायला घेतली. त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. जीप म्हणजे खाली शिडीसारखी लोखंडी चौकट, तिच्यावर इंजिन, आणि वर जवळपास काहीच नाही. आराम शून्य. पण पाना आणि पहार असली की उघडता येते.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं आपल्याकडे मोठी गाडी म्हणजे जीप. तहसीलदाराची जीप, पोलिसांची जीप आणि दारापर्यंत माणसं लटकलेली काळी-पिवळी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सगळ्यात जास्त मार बसला तो औसा आणि उमरगा तालुक्यांना. त्या दिवसांची आठवण काढली की आमच्याकडचे मोठे लोक धूळ, पाऊस आणि जीपच सांगतात. आपल्या भागातले आजचे साठीतले मिस्त्री याच गाड्यांवर शिकले. कुठलं मॅन्युअल नाही. गाडी उघडायची, बघायची, जमेल तसं सामान बसवायचं.

इकडे पुण्यात टेल्कोमध्ये वेगळं काही चाललं होतं. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. ट्रक बनवणारी ही कंपनी 1988 मध्ये टाटामोबाइल 206 नावाचा पिकअप घेऊन आली. इंजिन 1948 सीसीचं डिझेल, मूळ घराणं फ्रान्सच्या प्यूजोचं. (1948 हा आकडा आपला पाठलाग सोडत नाही.) मग याच पायावर एकेक मजला चढत गेला. 1991 मध्ये तीन दारांची सिएरा. 1992 मध्ये इस्टेट. 1994 मध्ये सुमो, जिचं नाव टेल्को घडवणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलंय. आणि 1998 मध्ये सफारी.

सफारीचा तेव्हा काय दरारा होता हे आपल्या वयाच्या लोकांना सांगून कळणार नाही. पॉवर स्टिअरिंग, पॉवर विंडो, मागच्या लोकांना वेगळा गार वारा, मागच्या दारावर लटकवलेलं स्टेपनीचं चाक, डिकीत समोरासमोर बसायच्या घडीच्या सीट. फॉर्च्युनर भारतात आली 2009 मध्ये. त्याआधीची दहा वर्षं आपल्या भागात कुणाकडे सफारी आहे म्हटलं की पुढे काही विचारायची गरज पडत नसे.

पण तिच्या खाली वाका. तीच शिडीची चौकट. इंजिनही टाटामोबाइलच्या घराण्यातलंच, फक्त टर्बो आणि इंटरकूलर लावून ताकद वाढवलेलं. म्हणजे वर बंगला आणि पोटात पिकअप. गाडीच्या परीक्षणात लोक याला नावं ठेवायचे: जड आहे, डुलते, आवाज करते. ते खरंही आहे. पण माझं मत विचाराल तर ती वीस वर्षं टिकली ती नेमकी या पिकअपमुळे. सुमो आणि 207 हजारोंनी विकल्या गेल्या, त्यामुळे त्यांचं सामान आजही तालुक्याच्या दुकानात मिळतं आणि त्यातलं बरंचसं सफारीला चालतं. टर्बोचं सामान आणि आतली चैनीची कामं मात्र अवघड. मागच्या एसीचा एक स्विच आम्हाला शेवटी मुंबईहून, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मागवावा लागला.

तर, आमची गाडी अंगणात. हेड गॅस्केट गेलेलं. सोलापूरच्या एका गॅरेजनं अंदाज दिला 85 हजार. भंगारवाला आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला 60 हजार, दोर माझा. त्यात आरसीची मुदत ऑक्टोबरमध्ये संपत होती. आई म्हणाली, "विकून टाका." पप्पा काहीच बोलले नाहीत. 2021 च्या एप्रिलमध्ये अॅम्ब्युलन्स मिळेना तेव्हा मागच्या सीट पाडून आजीला याच गाडीत झोपवून सोलापूरला नेलं होतं. आजी परत आली. त्यामुळे भंगारवाल्याला "सांगतो" म्हणून पाठवून दिलं.

दोष कुणाचा होता हे गाडी उघडल्यावर कळलं. आमचाच. वर्षानुवर्षं आम्ही रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत होतो. आपल्याकडचं पाणी जड. स्टीलच्या भांड्याला पांढरा थर बसतो ना, तोच. पाणी तापलं की त्यातला चुना वेगळा होतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या अरुंद झाल्या, पाणी फिरेना, इंजिन तापलं, हेड किंचित वाकलं, गॅस्केट फुटलं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटचे चार पैसे वाचवायला जाऊन हे झालं.

बस स्टँडच्या मागे एक चाचा आहेत, चाळीस वर्षं काळी-पिवळ्या दुरुस्त केलेले. ते म्हणाले, मला आता खाली वाकायला होत नाही, तू खोल, मी खुर्चीवर बसून सांगतो. पाच शनिवार-रविवार गेले. मी बीटेक, सॉफ्टवेअरवाला. बरोबर एक ब्लूटूथ स्कॅनर घेऊन आलो होतो, गाडीचे एरर कोड मोबाइलवर बघायला. तो लावायला या गाडीत जागाच नाही! चाचांनी तो हातात घेऊन उलटापालटा बघितला आणि पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवून दिला.

त्यांनी शिकवलेल्या दोन गोष्टी सांगतो. डिझेलचं हेड गॅस्केट एकाच जाडीचं नसतं. त्याच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, त्यावरून जाडी ओळखायची. जुन्याच्या खाचा मोजल्याशिवाय नवं आणायचं नाही, नाहीतर कॉम्प्रेशन बिघडतं किंवा पिस्टन वर धडकतो. दुसरं, हेड लेथवर नेऊन फेसिंग करून घ्यायचं, पण कमीत कमी घासायला लावायचं. प्रत्येक फेसिंगला हेडचं आयुष्य कमी होतं.

आमचं भांडण झालं ते बोल्ट आवळताना. चाचा हाताच्या अंदाजानं आवळणारे. मी हट्टानं लातूरहून टॉर्क रेंच मागवला होता. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, ठरलेल्या मापानं. चाचा हसले, "हौ, घुमा तेरा खिलौना." शेवटचा टप्पा झाल्यावर त्यांनी स्वतः उठून एकेक बोल्ट हातानं तपासला. मग काही न बोलता चहा मागितला.

गॅस्केट, फेसिंग, नवा रेडिएटर, पाइप, कूलंट, ऑइल आणि चाचांचे पैसे धरून सगळा खर्च 31 हजार. चाचा निम्मेच घेत होते, पप्पांनी पूर्ण दिले.

पण म्हणून प्रत्येक जुनी लक्झरी गाडी घरी दुरुस्त होईल असं समजू नका. सफारीतच 2005 मध्ये डायकोर आली. इंजिन 2956 सीसीचं, 207 डीआयच्याच मापाचं, पण कॉमन रेल. म्हणजे डिझेल हजार बारहून जास्त दाबानं फवारलं जातं. तुमच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून हिशोब करा. चालू इंजिनवर त्याचा पाइप सैल केला तर डिझेलची धार कातडीत घुसते. ते काम अंगणातलं नाही. आणि गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली स्टँड लावूनच.

आणखी एक उदाहरण आपल्या मराठवाड्यातलंच. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या लोकांनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज घेतल्या. किंमत 65 कोटींच्या घरात, देशभर बातमी झाली. बँकेनं त्यांना 7 टक्क्यांनी कर्ज दिलं, आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून कितीतरी जास्त व्याज पडतं, हे पी. साईनाथांनी तेव्हा लिहून दाखवलं होतं. मला त्यात आज वेगळंच दिसतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे त्या गाड्यांची मुदत 2025 मध्ये संपली. त्यांच्यात संगणक ठासून भरलेत. साधा भाग बदलला तरी गाडी तो ओळखेलच असं नाही, कंपनीच्या सॉफ्टवेअरनं ओळख करून द्यावी लागते. इथे चाचांचं काम थांबतं आणि माझंही. कोड लिहून पोट भरणारा मी, पण त्या गाडीचा कोड मला कुणी वाचू देणार नाही. केंद्र सरकारनं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टल मी बघितलं. हायवेवरच्या मिस्त्रीच्या हातात त्यातून काय पडलं, हे चाचांना विचारलं तर ते "पोर्टल म्हणजे?" असं विचारतात.

सप्टेंबर 2024 मध्ये आम्ही गाडी धाराशिवच्या आरटीओत नेली. फॉर्म 25, पीयूसी, इन्शुरन्स, पर्यावरण कर, आणि नूतनीकरणाचे 5 हजार. एप्रिल 2022 पासून ही फी एवढी वाढलीय. तपासणीत साहेबांनी मागचा ब्रेक लाइट लागत नाही म्हणून परत पाठवलं. चूक आमचीच, हेडच्या नादात बल्ब बघितलाच नव्हता. बाहेर चाळीस रुपयांना बल्ब घेतला, तिथेच बसवला, पुन्हा रांगेत. शिक्का मिळाला: 2029 पर्यंत. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांची फी 10 हजार झाली, म्हणजे पुढच्या वेळी दुप्पट.

सफारीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. 2021 मध्ये तेच नाव दुसऱ्याच गाडीला दिलं, जिच्या खाली शिडीची चौकट नाही. परवा पप्पांना शोरूममध्ये नेऊन ती दाखवली. ते आत बसले, स्क्रीनला हात लावून बघितला, आणि उतरून खाली वाकून काहीतरी शोधायला लागले. सेल्समन विचारत होता, काका काय पडलं का?

आता येत्या रविवारी पुढचे बुश बदलायचेत. खड्ड्यातून गेलं की खडखड येतेय, ऑडिओत शेवटी तो आवाज टाकलाय. कुणाला नेमका कुठला बुश ते ओळखता आलं तर कळवा. चाचा म्हणतात डावा, मी म्हणतो उजवा, आणि पप्पांनी आवाज येतो हेच अजून मान्य केलेलं नाही.