रोशनगाव ते जकार्ता



दहावीत नापास झालेला मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या रस्त्याने जात नाही. बाप त्याला शेतात किंवा गॅरेजवर लावतो आणि विषय तिथेच संपतो. अशा मुलाच्या घरी जाण्याचा प्रसंग माझ्यावर दरवर्षी येतो. त्याला मी दख्खनच्या दोन माणसांची हकीगत सांगतो. एक मलिक अंबर आणि दुसरे हैदराबादचे शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम.

अंबर हा मूळचा हबशी. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात विकत विकत दख्खनला पोहोचला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा निजामशाही संपली असेच लोक समजले. अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून ती पुन्हा उभी केली आणि १६१० मध्ये खडकी वसविली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

परीक्षेत प्रश्न येतो तो भातवडीच्या लढाईवर, म्हणून मुले तेवढेच पाठ करतात. मला त्याआधीचे रोशनगाव महत्त्वाचे वाटते. १६१६ साली शाहनवाजखान आपल्या वऱ्हाडातल्या बाळापूरहून फौज घेऊन निघाला. अंबरचे काही सरदार आधीच फुटून त्याला मिळाले होते. जालन्याजवळ रोशनगावी अंबर हरला. मोगलांनी खडकी लुटली, जाळली. तेव्हा अंबरचे वय सत्तरीकडे झुकलेले होते. तरी त्याने शहर पुन्हा सावरले, माणसे पुन्हा जमविली. मोठ्या फौजेला उघड्या मैदानात तोंड द्यायचे नाही, हलक्या मराठा घोडेस्वारांनी तिची रसद तोडायची, हा त्याचा कावा होता. आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, हे त्याला नेमके ठाऊक होते. १६२४ मध्ये भातवडीला मोगल व विजापूरकर एकत्र आले, तेव्हा त्याने तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत चिखल केला आणि दोघांनाही हरविले. शहाजीराजे त्या दिवशी त्याच्याच बाजूने लढले.

आता रहीमसाहेब. मास्तरकी केलेला हा माणूस पुढे फुटबॉलचा प्रशिक्षक झाला. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांचा भारतीय संघ चौथा आला.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मात्र पहिलाच सामना दक्षिण कोरियाने ०-२ असा जिंकला. पुढे थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नैलसिंग डोक्याला जखमी झाले, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना उपांत्य सामन्यात चक्क आघाडीला खेळविले! त्यांनी गोलही केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया समोर आला. प्रेक्षक भारतावर चिडलेले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांनी एकेक गोल केला आणि भारत २-१ ने जिंकला. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आपल्याला मिळालेले नाही. रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने वारले.

हे ऐकून एखादा मुलगा विचारतो, “सर, पहिल्या मॅचनंतर ते घरी का नाही आले?” मी म्हणतो, “तूच सांग.”

पुरवणी परीक्षेचे फॉर्म शाळेच्या ऑफिसात भरून घेतात. मुलाला यायला लाज वाटत असेल, तर वडिलांनी यावे.