दक्षिण आफ्रिकेतील हिंदी विवाहांच्या वैधतेचा प्रश्न (१९१३-१४)

दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास प्रायः नोंदणीचे परवाने, बोटांचे ठसे आणि ३ पौंडांचा कर या क्रमाने सांगितला जातो. १९१३ साली या लढ्यात स्त्रिया का उतरल्या, याचे उत्तर मात्र विवाहविषयक कायद्यात शोधावे लागते. स्वदेशात विधिपूर्वक झालेला विवाह परदेशाच्या बंदरावर उतरताच विवाह राहतो की नाही, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवाह जेथे झाला तेथील कायद्याने तो वैध असेल, तर अन्यत्रही तो वैध मानावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. या संकेताला इंग्रजी कायद्याने एक मोठा अपवाद जोडला. १८६६ च्या हाइड विरुद्ध हाइड खटल्यात लॉर्ड पेन्झन्स यांनी एक पुरुष व एक स्त्री यांचे इतर सर्वांना वगळून झालेले आजन्म ऐच्छिक मीलन म्हणजे विवाह, अशी व्याख्या केली. तो खटला युटामधील मॉर्मन पंथीय विवाहासंबंधी होता. विशेष म्हणजे त्या पतीने दुसरी पत्नी केलेली नव्हती. पंथाच्या नियमानुसार ती करता येणे शक्य होते, एवढेच न्यायालयाला पुरेसे वाटले. प्रत्यक्ष बहुपत्नीत्वाऐवजी त्याच्या शक्यतेवर बोट ठेवणारे हे तत्त्व पुढे वसाहतींमध्ये पोहोचले.

वसाहतींत आधीपासूनच गुंतागुंत होती. नाताळमध्ये गिरमिटिया मजुरांचे विवाह संरक्षक अधिकाऱ्याकडे नोंदविण्याची तरतूद १८९१ च्या कायद्यात होती. स्वखर्चाने आलेल्या व्यापारी वर्गाची स्थिती निराळी होती. त्यांचे विवाह मौलवी वा पुरोहिताने लावलेले असत आणि सरकारदरबारी त्यांची नोंद नसे. मायदेशी झालेल्या विवाहाचा दाखला कोणाजवळ असणार? त्या काळी हिंदुस्थानातील बहुसंख्य विवाहांना साक्षीदार होते, कागद नव्हता. परदेशी कायद्याला मात्र कागद हवा होता.

१४ मार्च १९१३ रोजी केप येथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांनी हसन इसप यांची पत्नी बाई मरियम हिला उतरू देण्याचा अर्ज फेटाळला. इस्लामी पद्धतीचा हा विवाह बहुपत्नीत्वास वाव देणारा असल्याने स्थलांतराच्या कायद्यातील ‘पत्नी’ या संज्ञेत ती बसत नाही, असा त्याचा आशय होता. खटल्याचा थेट विषय मुसलमान विवाह हा असला, तरी त्याची धग हिंदू व पारशी कुटुंबांपर्यंत पोहोचली, कारण त्यांचेही विवाह ख्रिस्ती विधीने वा निबंधकासमोर झालेले नव्हते. पत्नीचा दर्जा गेला की प्रवेशाचा हक्क जातो आणि मुलांच्या वारसाहक्काबद्दलही शंका उभी राहते. म्हणून या निकालाकडे केवळ मानापमानाच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरते. त्याच वर्षीच्या स्थलांतर नियमन कायद्यात परदेशी धर्मविधीने झालेल्या विवाहांची दखल घेण्यात आली, परंतु ती एकपत्नीत्वाच्या अटीवर. मूळ अडचण त्यामुळे कायम राहिली.

१५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स येथून १६ जणांची तुकडी निघाली. तीत कस्तुरबा गांधी होत्या. ट्रान्सवालच्या हद्दीवर अटक होऊन त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. टॉल्स्टॉय फार्मवरील स्त्रियांनी न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील मजुरांना काम थांबविण्याचे आवाहन केले. ६ नोव्हेंबरला सीमा ओलांडणाऱ्या मोर्चात गांधीजींच्या नोंदीनुसार २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले होती. खाणमजुरांना मुख्यतः ३ पौंडांचा कर सलत होता. व्यापाऱ्याच्या घरातील विवाहाची चिंता आणि मजुराच्या डोक्यावरचा कर या दोन भिन्न वर्गांच्या गाऱ्हाण्यांना एकत्र आणणारा दुवा स्त्रिया ठरल्या, ही बाब पुरेशी अधोरेखित झालेली नाही. तुरुंगातून आजारी होऊन सुटलेली तरुण सत्याग्रही वल्लिअम्मा फेब्रुवारी १९१४ मध्ये मरण पावली.

हिंदुस्थानात या लढ्याची बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांनी लावून धरली. १९१२ च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यामुळे त्यांना तेथील परिस्थितीची प्रत्यक्ष माहिती होती. त्यांनी निधी उभारला आणि त्यांच्याच प्रेरणेने सी. एफ. अँड्र्यूज व विल्यम पिअर्सन जानेवारी १९१४ च्या आरंभी डर्बनला पोहोचले. सर विल्यम सॉलोमन यांच्या चौकशी आयोगावर हिंदी सभासद नसल्याने गांधीजींनी बहिष्कार टाकला. तरीही कर आणि विवाह या दोन्ही बाबतींत आयोगाच्या शिफारशी अनुकूल आल्या.

१९१४ च्या ‘इंडियन्स रिलीफ अॅक्ट’ने कर रद्द केला आणि विवाहाचा प्रश्न तीन अंगांनी हाताळला : हिंदी धर्मगुरूंना विवाह अधिकारी म्हणून नेमता येईल, प्रत्यक्षात एकपत्नीक असलेले जुने विवाह नोंदविता येतील, आणि प्रवेशापुरती, हिंदी धर्माचारानुसार विवाहित अशी एकच स्त्री पत्नी मानली जाईल. पतीची दुसरी पत्नी किंवा दुसऱ्या स्त्रीपासून झालेली अपत्ये संघराज्यात नसावीत, अशी अट होती.

ही तडजोड विजय म्हणून गौरविली गेली आणि त्यात तथ्यही आहे. तथापि तिची किंमत कोणी दिली, हेही पाहावे लागते. बहुपत्नीक घरातील दुसरी स्त्री कायद्याच्या दृष्टीने अनामच राहिली. ज्यांचे विवाह नोंदीविना राहिले, अशा पुढच्या पिढ्यांतील स्त्रियांनाही हा कायदा पुरला नाही. १९८३ मध्ये इस्माइल विरुद्ध इस्माइल खटल्यात तेथील अपील न्यायालयाने बहुपत्नीत्वाच्या शक्यतेचेच कारण देऊन मुसलमान विवाहातून उद्भवणारे दावे नाकारले. वंशभेदी राजवट संपल्यावर २००४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने अशा विधवेला वारसाहक्कापुरते ‘जोडीदार’ मानले. २८ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने मुसलमान विवाहांना मान्यता न देणारे विवाह व घटस्फोटविषयक कायदे त्या मर्यादेपर्यंत घटनाबाह्य ठरविले, आणि २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटस्फोट कायद्यात तदनुसार दुरुस्ती झाली.