साचेबंद प्रतिमा, समलिंगी पुरुषांची

समलिंगी आकर्षण असणारा पुरुष चालण्याबोलण्यात बायकीच असतो, अशी समाजात रूढ झालेली ठोकळेबाज समजूत. आकर्षण कोणाविषयी वाटते आणि वेश, आवाज व हालचाल कशी आहे, या दोन भिन्न बाबी होत. या प्रतिमेत त्यांची गल्लत होते.

महाराष्ट्रात या प्रतिमेला ठळक रूप दिले ते तमाशातील नाच्याने. पूर्वी तमाशात स्त्रीवेष घेऊन पुरुषच नाचत. पुढे फडात स्त्रिया आल्या, तेव्हा नाच्या मुख्यतः हास्योत्पादक बायकी पात्र म्हणून उरला. मुंबईत या कलेला मोठा प्रेक्षक लाभला तो लोअर परळ-लालबागच्या गिरणगावात. येथील कामगार बव्हंशी कोकणातून व घाटावरून, कुटुंब गावी ठेवून आलेले असत. अनेक पुरुष एका खोलीत राहत व खाणावळीत जेवत. लालबागच्या हनुमान थिएटरात फडांचे खेळ होत.

संगीत नाटकातील स्त्रीभूमिका मात्र प्रतिष्ठेची ठरली. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) वेशभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत. वेष स्त्रीचाच, पण एकाच्या वाट्याला गौरव आला, तर दुसऱ्याच्या वाट्याला कुचेष्टा. हा भेद कलेपेक्षा जातिवर्गाच्या प्रतिष्ठेतून आला. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीतील व तीवरून रवी जाधव यांनी काढलेल्या चित्रपटातील (२०१०) गुणा हा पिळदार देहाचा, संसारी शेतमजूर. केवळ नाच्याची भूमिका स्वीकारल्यामुळे त्याला मानहानी सोसावी लागते. भूमिकेलाच प्रवृत्ती मानले जाते, ते असे.

या प्रतिमेचा जाच दुहेरी असतो. जो साच्यात बसतो, त्याची टवाळी होते. जो बसत नाही, त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवला जात नाही, किंवा तो स्वतःच मर्दानी वागणुकीआड व विवाहाआड लपतो. समदुःखी मंडळींतही साचा सुटत नाही. १९९० नंतरच्या एड्स-प्रतिबंधक कार्यक्रमांत बायकी पुरुषांसाठी ‘कोथी’ ही संज्ञा रूढ झाली. अशा वर्गवारीमुळे प्रत्यक्षातील विविधता एका चौकटीत कोंबली जाते, हे लॉरेन्स कोहेन या मानवशास्त्रज्ञाने दाखविले आहे.

१८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ खाली समलिंगी संबंध गुन्हा ठरत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध त्यातून वगळले. दरम्यान १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व लोअर परळमध्ये त्यांच्या जागी कचेऱ्या व मॉल उभे राहिले. तेथे फॅशनेबल, इंग्रजी बोलणारा, सुखवस्तू तरुण ही नवी प्रतिमा दिसते. चाळीत वाढलेल्या मराठी मुलाला तीही परकीच वाटू शकते. साचा बदलल्याने जाच संपत नाही; तो संपण्यासाठी कायद्याच्या मोकळिकीइतकीच, कोणत्याही साच्यात न बसणाऱ्या माणसांची ओळख समाजाला होणे आवश्यक असते.